बेसमेंटमधलं थिएटर: भिंतीआड गेलेले पैसे वसूल, बाकीचं बघू

आधी निकाल सांगते, मग तपशील. खोली उत्तम झाली आहे. ती उभी करून देणाऱ्या कंपनीला मी पाचपैकी साडेतीन देईन. एप्सनचा एलएस12000 प्रोजेक्टर, डेननचा एव्हीआर-एक्स3800एच रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारी पेटी) आणि एसव्हीएसचे दोन पीबी-1000 प्रो सबवूफर (फक्त खर्जाचे स्पीकर) यांना बिनदिक्कत पाच. पुढच्या रांगेतल्या मोटरवाल्या रिक्लायनरना दोन, तेही सासूबाईंना त्यात झोप छान लागते म्हणून.

आम्ही शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलमध्ये राहतो. इथल्या बहुतेक घरांना बेसमेंट असतं. निम्म्या घरांत तिथे जुने सोफे, भारतातून आणलेल्या बॅगा आणि कुणी न वापरणारं ट्रेडमिल पडून असतं. आमच्याकडेही तेच होतं. नवऱ्याला थिएटर हवं होतं, ते छतातूनही आवाज सोडणाऱ्या डॉल्बी अ‍ॅटमॉससाठी. मला हवं होतं ते वेगळ्या कारणासाठी. मी मिरजेची, तबला शिकलेली. दिवाणखान्यातल्या टीव्हीखालच्या साउंडबारमधून डग्गा ऐकणं मला कधी सहन झालं नाही. तेव्हा हा रिव्ह्यू स्फोट आणि हेलिकॉप्टर ऐकून लिहिलेला नाही, एवढं लक्षात ठेवून वाचा.

कंपनीचं नाव देत नाही, कारण तक्रारी आहेत आणि अशी एक कंपनी इथल्या प्रत्येक गावात असते. कोटेशन द्यायला आलेला माणूस दर वाक्य नवऱ्याकडे बघून बोलत होता. चेक मी लिहिणार होते. पहिलं कोटेशन पाहून मी त्याच्यासमोरच कागदावर एक उभी रेघ मारली. डावीकडे भिंतीच्या आत जाणाऱ्या गोष्टी: इन्सुलेशन, ड्रायवॉल (भिंतीचे जिप्सम बोर्ड), वायरी, पाइप, दार, वीज. उजवीकडे भिंतीबाहेर राहणाऱ्या: प्रोजेक्टर, पडदा, रिसीव्हर, स्पीकर, खुर्च्या, रिमोट. डावीकडचं सगळं तुम्ही करा, उजवीकडचं आम्ही आणू, असं सांगितलं. त्याचा चेहरा पडला. नफा उजवीकडे असतो. पण उजवीकडची कुठलीही वस्तू उद्या बदलता येते, डावीकडची बदलायची तर भिंत फोडावी लागते. तीन-चार दिवसांनी त्याचा होकार आला, मजुरीचा आकडा थोडा वाढवून. आम्ही मान्य केला.

त्याच्या मूळ यादीत सगळी खोली एका टचस्क्रीनवर चालवणारी कंट्रोल सिस्टीम होती. दिवे, पडदा, आवाज, सगळं एका बोटावर. छान दिसतं. पण बटणाचं नाव बदलायचं तरी त्यांचाच माणूस बोलवायचा आणि त्याच्या तासाचे पैसे मोजायचे. ते पहिल्याच दिवशी खोडलं. आज आमच्या खोलीत तीन रिमोट आहेत, आणि सासूबाईंना तिन्ही कळतात.

थिएटरच्या आधी पाण्याचं आणि हवेचं बघावं लागतं, आणि हे आमच्या कंपनीने स्वतःहून सांगितलं, त्याचा अर्धा गुण जास्त. पायाभोवती मुरणारं पाणी नळ्यांतून एका खड्ड्यात येतं आणि तिथला सम्प पंप ते बाहेर फेकतो. मुसळधार पाऊस आणि वीज जाणं ही इथे जोडीनेच येणारी संकटं, म्हणजे पंप नेमका लागतो तेव्हाच बंद. बॅटरीवर चालणारा दुसरा पंप आधी बसवला, मग गालिच्याचं बोललो. दुसरं, रेडॉन. जमिनीतून येणारा हा किरणोत्सारी वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाचं धूम्रपानाखालोखालचं कारण मानला जातो. इथल्या पर्यावरण खात्याची मर्यादा लिटरमागे 4 पिकोक्युरी. आकडा तिथे किंवा त्याच्या वर गेला की उपाय करा म्हणतात. तपासणीचा डबा स्वस्त मिळतो. आमचा आकडा वर आला, तेव्हा फरशीखालून छपरापर्यंत पाइप आणि पंखा बसवून घेतला. ज्या खोलीत आठवड्याचे आठ-दहा तास दारं लावून बसायचं, तिथे ही चाचणी टाळू नये. दमटपणासाठी डीह्युमिडिफायर आहे, तो उन्हाळ्यात 50 टक्क्यांच्या खाली ठेवतो.

परमिटबद्दल फार लिहीत नाही. घ्या. ड्रायवॉल चढवण्याआधी गावाचा इन्स्पेक्टर उघड्या भिंती बघून जातो, आणि आपण पैसे देऊन आणलेल्या इन्स्पेक्टरपेक्षा तो बारकाईने बघतो. शिकागो परिसरातल्या बऱ्याच गावांत घरातली विजेची वायरही धातूच्या नळीतूनच न्यावी लागते. दुसऱ्या राज्यातल्या मित्रांनी सांगितलेला खर्च इथे जुळत नाही, त्याचं हेही एक कारण. प्रोजेक्टर आणि रिसीव्हरसाठी 20 अँपिअरचं स्वतंत्र सर्किट तेव्हाच टाकून घेतलं.

आता भिंतींकडे येते, कारण कंपनीचे साडेतीनपैकी तीन गुण इथलेच आहेत.

खोली आतून 20 फूट लांब, 13 फूट रुंद, 8 फूट उंच. बरोबर वर स्वयंपाकघर. आवाज थांबवायचा म्हणजे भिंतीला मऊ काहीतरी चिकटवायचं, अशी समजूत असते. ते काळे खाचांचे स्पंज चिकटवले की खोलीतला प्रतिध्वनी कमी होतो, वरच्या मजल्यावर जाणारा आवाज तसूभरही कमी होत नाही. आवाज अडवायला लागतं वजन, आणि वजनाची घराच्या सांगाड्याशी फारकत. आमच्याकडे छत थेट लाकडी जॉइस्टला, म्हणजे वरच्या मजल्याच्या तुळयांना, ठोकलेलं नाही. जॉइस्टला रबर लावलेल्या क्लिपा, त्यांत पत्र्याच्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांना ड्रायवॉलचे 5/8 इंची दोन थर. दोन थरांच्या मध्ये ग्रीन ग्लू नावाचा लगदा, जो वाळून कडक होत नाही आणि कंप स्वतःत जिरवतो. वरच्या पोकळीत रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची गादी.

एका सकाळी काम बघायला खाली गेले, तर एक कामगार विजेच्या बॉक्सच्या मागच्या बाजूला लालसर पुट्टीचा जाड थर बोटांनी दाबून बसवत होता. भाकरीच्या कडा थापाव्यात तसा, कडेकडेने, घाई न करता. विचारलं तर म्हणाला, इथे नखाएवढी फट राहिली तर वर केलेलं सगळं वाया. हवा जिथून जाते तिथून आवाज जातो. छतातल्या चारही स्पीकरांच्या मागे त्यांनी ड्रायवॉलच्या पेट्या करून बसवल्या, नाहीतर स्पीकरसाठी कापलेलं प्रत्येक भोक म्हणजे स्वयंपाकघरात उघडणारी खिडकीच. गरम-थंड हवेच्या डक्टला सरळ न नेता नागमोडी वळणं दिली आणि आतून अस्तर लावलं. दार भरीव लाकडाचं, कडेने रबर, खाली बंद होताना जमिनीवर टेकणारी पट्टी. ही माणसं ग्राहकाशी बोलायला पाठवली असती तर कंपनीला पाच गुण मिळाले असते.

एक सावधगिरी त्यांनी न विचारता पाळली. घर गरम करणारी आमची फर्नेस घरातलीच हवा घेऊन जळणारी आहे. आवाज येतो म्हणून ती कोंडून टाकता येत नाही, तिला हवा हवीच. तिच्या खोलीला झडपांचं दार ठेवलं, पण ते थिएटरकडे न उघडता जिन्याकडच्या बोळात. सम्पच्या खड्ड्यावरही सहज उघडेल असं झाकण. पंप बदलायची वेळ रात्री दोनलाच येते.

वरून काय ऐकू येतं? बोलणं, गाणं, काही नाही. खाली चित्रपट ऐन रंगात असतो आणि वर मी फोनवर आईशी बोलत असते. अगदी खालचे सूर मात्र येतात. जिन्याच्या पायऱ्या आणि घराचा सांगाडा एकच असल्याने सबवूफरचा खर्ज वर पायाला जाणवतो. दोन थर, रॉकवूल, क्लिपा, सगळं करूनही. जो कंत्राटदार शंभर टक्के साउंडप्रूफ म्हणेल त्याला नमस्कार करून परत पाठवावं. उलट्या दिशेने, वर धावणाऱ्या मुलांच्या पावलांचा आवाज खाली येतो, पण क्लिपांमुळे पुष्कळ बोथट होऊन.

तक्रारी आता. प्रोजेक्टरची एचडीएमआय केबल भिंतीतून न्यायची तर दोन इंची प्लॅस्टिकचा पाइप टाका, असं मी करारात लिहून घेतलं होतं. त्यांच्या माणसाने हसून सांगितलं, केबल उत्तम आहे, पाइपची गरज नाही. मी हट्ट सोडला नाही. पंचेचाळीस फुटांवर तांब्याच्या केबलमधून 4के 120 हर्ट्झचं चित्र नीट जात नाही, म्हणून ही केबल ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशातून संदेश नेणारी, असते. आणि ऑप्टिकल केबलला दिशा असते: एक टोक रिसीव्हरचं, एक प्रोजेक्टरचं, दोन्हींवर तसं छापलेलं. त्यांनी ती उलटी ओढली. चित्रच येईना. अर्धा दिवस ते प्रोजेक्टरला दोष देत बसले, मग कुणीतरी टोक वाचलं. पाइप होता म्हणून केबल बाहेर काढून फिरवून पुन्हा आत गेली. पाइप नसता तर पुट्टी मारून रंगवलेली भिंत फोडावी लागली असती. खर्च त्यांच्या माथी, खोळंबा आमच्या.

शेवटच्या दिवशी त्यांचा ध्वनी जुळवणारा माणूस आला. डेननमध्ये ऑडिसीची एक्सटी32 प्रणाली आहे: माइक बसण्याच्या जागी आठ ठिकाणी ठेवायचा, प्रत्येक स्पीकर एक आवाज काढतो, आणि खोली कुठे आवाज फुगवते, कुठे खाते हे मोजून रिसीव्हर दुरुस्ती करतो. त्याने माइक खुर्चीच्या उशीवर आडवा टाकला, फर्नेस चालू, वर मिक्सर चालू, आणि तीन जागा मोजून "झालं" म्हणाला. अशा मोजणीला काय अर्थ? तो गेल्यावर आम्ही कॅमेऱ्याचा तिपाई आणला, माइक कानाच्या उंचीवर, फर्नेस बंद, फ्रिजसुद्धा बंद, मुलांना बागेत पाठवलं आणि आठही जागा मोजल्या. मधल्या स्पीकरमधलं बोलणं त्यानंतर सुटं झालं. हे काम फुकट आणि घरचं आहे. यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

खर्जाची गोष्ट जरा सविस्तर लिहिते, कारण घरगुती थिएटर बिघडतं ते इथेच. बंद खोलीत ठरावीक सूर भिंतींमध्ये अडकून उभे राहतात. वीस फुटांच्या खोलीत पहिला सूर साधारण 28 हर्ट्झला, तेरा फुटांच्या रुंदीत 43 ला, आठ फुटांच्या उंचीत 70 ला. अशा सुरांना खोलीत काही जागी पूर येतो, काही जागी दुष्काळ. एक सबवूफर कोपऱ्यात ठेवला तेव्हा मधल्या खुर्चीत डग्ग्याची मींड ऐकताना घुमारा मध्येच गायब व्हायचा आणि शेजारच्या खुर्चीत तोच अंगावर यायचा. वाजवणारा तोच, रेकॉर्डिंग तेच. रिसीव्हर याची दुरुस्ती एका मर्यादेपर्यंतच करतो, कारण दुष्काळात कितीही पाणी ओतलं तरी ते शेजारीच वाहतं.

उपाय दोन. पहिला मजेशीर. सबवूफर आपल्या खुर्चीत ठेवायचा, त्यावर खर्जाचं काही लावायचं आणि आपण भिंतीकडेने रांगत फिरायचं. जिथे आवाज सपाट आणि भरीव लागेल, ती सबवूफरची जागा. नवरा गुडघ्यांवर रांगत कान जमिनीशी लावून फिरत होता, तेव्हा सासूबाई जिन्यातून म्हणाल्या, "काय हरवलंय रे? मंगळसूत्राचा मणी का?" दुसरा उपाय महाग: दोन सबवूफर. हार्मन कंपनीतल्या टॉड वेल्टी यांनी 2002 मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे मांडलेल्या कामात चौकोनी खोलीत समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सबवूफर ठेवण्याचा फायदा दाखवला होता: एकाने उभे केलेले काही सूर दुसरा खोडतो. आमचा एक पडद्याखाली मध्यावर, दुसरा मागच्या भिंतीच्या मध्यावर. तीनही खुर्च्यांत आता डग्गा एकसारखा लागतो. मोठा एक घेण्यापेक्षा मध्यम दोन घ्या, हे मी कुणालाही सांगेन.

पीबी-1000 प्रोमध्ये बारा इंची ड्रायव्हर आणि 325 वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. खोका आकाराने चांगलाच मोठा, एकट्याने जिन्यावरून उतरवायचा नाही. फोनवरच्या अ‍ॅपमधून आवाज आणि फेज (लहरीची वेळ) बदलता येतो, त्यामुळे मागच्या सबवूफरपाशी वाकून अंधारात खटके शोधावे लागत नाहीत. घरी वापरून पाहायला 45 दिवस देतात, हे विकत घेताना मला फार पटलं.

रिसीव्हरबद्दल थोडक्यात. 3800एचमध्ये नऊ अ‍ॅम्प्लिफायर आहेत, म्हणजे 5.1.4 ची मांडणी त्यात नेमकी बसते: कानाच्या पातळीवर पाच, छतात चार. मधला एक सबवूफरचा. सबवूफरची चार वेगवेगळी आउटपुट आहेत आणि प्रत्येकाचं अंतर आणि आवाज स्वतंत्र जुळवता येतो. दोन सबवूफर घेणाऱ्याला याची किंमत कळेल. 2022 मध्ये आला तेव्हा 1,699 डॉलरला होता. सात स्पीकर खाली आणि चार वर असं करायचं तर बाहेरून अ‍ॅम्प्लिफायर जोडावा लागेल. तेरा फुटांच्या खोलीत त्याची गरज नाही. कुणी गळ्यात मारत असेल तर मारू देऊ नका.

मराठी घरासाठी एक सेटिंग सांगते. जुनी नाटकं, आकाशवाणीची ध्वनिमुद्रणं, सत्तरीतले चित्रपट हे बहुतेक मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचं, असतं. रिसीव्हरवर "मल्टी चॅनेल स्टिरिओ" लावलं तर सगळ्याच स्पीकरांतून एकच माणूस बोलायला लागतो, आणि नाटकगृहाऐवजी रेल्वे स्टेशनवर बसल्यासारखं वाटतं. डॉल्बी सराउंडवर ठेवा. दोन्ही वाहिन्यांत सारखा असलेला आवाज तो मधल्या स्पीकरवर नेतो, आणि बोलणारा पडद्यावरूनच बोलतो. वर डायलॉग एन्हान्सर मध्यम. सासूबाईंनी तेव्हापासून "काय म्हणाला तो?" विचारणं सोडलं.

प्रोजेक्टर. एलएस12000 लेझरवर चालतो, दिवा बदलायची भानगड नाही. लेझरचं आयुष्य 20,000 तास सांगतात. उजेड 2,700 ल्युमेन. उजेड-अंधारातला फरक वाढवणाऱ्या प्रणालींपैकी डॉल्बी व्हिजन नाही, एचडीआर10+ आहे. काळा रंग जेव्हीसीच्या महाग प्रोजेक्टरांत अधिक गडद दिसतो, दुकानात शेजारी-शेजारी पाहिलं तर फरक कळतो. आम्ही पैसे मोजले ते लेन्सच्या मोटरसाठी. पडदा 120 इंची, म्हणजे पावणेनऊ फूट रुंद, आणि खुर्च्या त्यापासून बारा फुटांवर. डोळ्यांपुढे साधारण 40 अंश भरतात, आजच्या चित्रपटासाठी योग्य. पण यूट्यूबवर कुणीतरी व्हीएचएसवरून चढवलेलं नाटक 120 इंचांवर बघवत नाही. नटाचा चेहरा म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा ढीग. या प्रोजेक्टरमध्ये झूम आणि लेन्सची जागा लक्षात ठेवता येते. सोळा फुटांवरून आम्ही एक नोंद 120 इंचांची ठेवली आहे, दुसरी 80 इंचांची, पडद्याच्या बरोबर मध्ये. बटण दाबलं की घर्र आवाज करत चित्र आक्रसतं आणि नाटक पुन्हा बघण्यासारखं होतं. जाहिरातीत या सोयीचा उपयोग रुंद हॉलिवूडपटांसाठी सांगतात. आमच्याकडे ती नाटकांसाठी झिजणार.

पडदा साधा मॅट पांढरा, फ्रेमवर ताणलेला. बाहेरचा उजेड खाणारा महाग पडदा विक्रेते दाखवतात, पण खिडकी नसलेल्या बेसमेंटमध्ये बाहेरचा उजेड कुठून येणार? त्या पैशात भिंती आणि छत गडद रंगवून घ्या. आम्ही गर्द वांगी रंग लावला, पूर्ण मॅट. छत त्याच रंगाचं करायला घरातून विरोध झाला ("घराला काळं छत कोण लावतं?"), पण पांढऱ्या छतावरून पडद्याचा उजेड परतून पुन्हा पडद्यावर पडतो आणि अंधारातला प्रसंग करडा दिसतो. रंगारी एक दिवस जास्त राबला आणि पडद्यावरच्या रात्री खऱ्या रात्रीसारख्या दिसू लागल्या.

क्रिकेटच्या वेळी दिवे चालू असतात, कारण माणसं खात असतात. मागच्या भिंतीचे दिवे वेगळ्या बटणावर घेतले ते यासाठी. 2024 च्या टी-20 विश्वचषकातले भारताचे सामने अमेरिकेत विलो या क्रिकेट वाहिनीवर होते आणि आमच्या घड्याळाने सकाळी साडेनऊला. 9 जूनला न्यूयॉर्कमध्ये भारत 119 ला आटोपला, तेव्हा खाली पोहे खायचे थांबले होते. जिंकलो सहा धावांनी. 29 तारखेच्या अंतिम सामन्यात सूर्यकुमारने शेवटच्या षटकात मिलरचा झेल सीमारेषेवर घेतला, चेंडू वर उडवला, बाहेर गेला, आत येऊन पुन्हा पकडला. 120 इंचांवर तो बूट आणि ती दोरी थांबवून थांबवून पाहिली आणि खोलीतल्या प्रत्येकाने पंच म्हणून निकाल दिला. दिवे लावूनही चित्र फिकं पडलं नाही.

खुर्च्या. एका फर्निचरच्या दुकानातून तीन मोटरवाले चामडी रिक्लायनर घेतले. पाठ इतकी उंच की मागच्या स्पीकरचा आवाज डोक्यामागेच अडतो. डोकं पुढे काढलं की आवाज सुधारतो, ही काय पद्धत झाली? कपाच्या खाचेभोवती निळा दिवा, तो बंद करायला बटण नाही. नवऱ्याने त्यावर काळी चिकटपट्टी लावली. हिवाळ्यात चामडं बर्फासारखं गार. जानेवारीत बेसमेंट वरच्या मजल्यापेक्षा थंडच राहतं, तेव्हा गोधड्यांची चळत खाली ठेवली आहे. घ्यायचेच असतील तर कापडी घ्या, पाठ खांद्यापर्यंतच येणारी. दुसऱ्या रांगेसाठी चौथरा केला नाही. आठ फुटी छतात एक फूट चौथरा चढवला तर उंच पाहुणा छताच्या स्पीकरशीच बोलेल. त्याऐवजी रिक्लायनरमागे उंच अरुंद टेबल आणि स्टुलं. मुलं तिथेच बसतात, ताटं तिथेच ठेवता येतात, आणि खर्च फारच कमी.

कंपनीला बोलवायचं असेल तर दोन गोष्टी करारात लिहून घ्या. भिंती बंद होण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोजपट्टी लावून काढलेला फोटो, आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नाव. आमच्याकडे फोटो मीच काढले. पडद्यावरचा कप्पा ठोकताना ते एकदा कामी आले, खिळा वायरीपासून दोन इंचांवर गेला.

जिन्याच्या वरच्या तोंडाला दार नाही, आणि वर पोचणारा उरलेला आवाज बराचसा तिथूनच जातो. त्याचं कोटेशन त्याच कंपनीकडून मागवलं आहे. या वेळी मेल माझ्या नावाने आला.